शितावरून भात, आकड्यावरून आजार

‘‘भाऊजी, ह्यांचा सीआरपी अडतीस आलाय. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकलाय, बघता का जरा?’’

‘‘वहिनी, तापाचा आज कितवा दिवस? जिन्यावरून चढ-उतार केल्यावर धाप लागते का त्याला?’’

‘‘ते नाही पाहिलं हो. पण अडतीस म्हणजे फार ना? पुढे ठळक अक्षरात ‘हाय’ लिहिलंय.’’

नात्यात एखादा डॉक्टर असलेल्या घरांत २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, असे फोन दिवसरात्र चालू होते. सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, एलडीएच, आयएल-६ ही तोपर्यंत अतिदक्षता विभागाच्या भिंतीआड राहिलेली नावे भाजीवाल्याच्या गाडीपाशी ऐकू येऊ लागली. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न क्रिकेटबद्दल नसून छातीच्या सीटी स्कॅनबद्दल आहे, हे लहान मुलांनाही कळत होते. एचआरसीटी नावाच्या या स्कॅनला आधीपासूनच इतकी गर्दी होती, की २०२० च्या सप्टेंबरमध्येच राज्य सरकारला यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपयांची दरमर्यादा घालावी लागली होती. या सगळ्यामागची इच्छा साधी होती. एकच विषाणू घरातल्या चौघांना गाठतो, तिघे काढा पिऊन बरे होतात आणि चौथ्याला व्हेंटिलेटर लागतो. तो चौथा कोण, हे आधी कळावे. रक्ताचा थेंब ते सांगू शकेल, असे वाटत होते.

शितावरून भाताची परीक्षा करणारी आपली माणसे. त्यामुळे थेंबावरून रोगाची परीक्षा करण्यात आपल्याला काही वावगे वाटले नाही. त्यात मुळात वावगे काही नाहीही. पण शीत बोटाने चेपून पाहणारी बाई भात किती वेळ शिजतोय, आच किती आहे हे जाणून असते. आणि मुख्य म्हणजे, शीत कच्चे निघाले तर काय करायचे हे तिला ठाऊक असते. रक्तातल्या आकड्यांच्या बाबतीत नेमके हेच निसटले. ज्या आकड्याने उपचाराचा निर्णय बदलत नाही, तो आकडा काढण्यात अर्थ नाही; आणि जो आकडा रुग्णाकडे नीट पाहून फुकट कळणाऱ्या गोष्टींपेक्षा अधिक काही सांगत नाही, त्यावर भाकीत उभे करण्यात धोका आहे. श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारांतील जैवनिर्देशकांचा, म्हणजे बायोमार्करचा, विचार या दोन कसोट्यांवर व्हायला हवा.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. सीआरपीचा शोध १९३० चा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासत होते. न्यूमोकोकस जिवाणूच्या पेशीभित्तिकेतून वेगळ्या केलेल्या ‘सी’ नावाच्या अंशाशी त्या रक्तातले काहीतरी संयोग पावून गढूळ साका तयार होतो, आणि रुग्ण बरा झाला की ते नाहीसे होते, असे त्यांच्या लक्षात आले. ते ‘काहीतरी’ म्हणजेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. ते जंतूत नसते, जंतूविरुद्धही खास बनत नाही. शरीरात कुठेही दाह झाला, की आयएल-६ हा निरोप्या यकृताला खबर देतो आणि यकृत ते तयार करू लागते. काही तासांत ते रक्तात चढते, दीड-दोन दिवसांत शिखर गाठते आणि दाह थांबला की साधारण दर १९ तासांनी निम्मे होत उतरते.

डोंगरावर धूर दिसतो, त्याअर्थी तिथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रात घोकून घेतलेले अनुमान. सीआरपी हा असा धूर आहे. आग आहे हे तो सांगतो. कशाला लागली आणि कुठवर पसरणार, हे नाही. डी-डायमर म्हणजे रक्ताच्या गुठळ्या विरघळताना उरणारे तुकडे. एलडीएच म्हणजे फुटलेल्या पेशींतून बाहेर सांडलेले विकर. फेरिटिन हे शरीरातल्या लोहाचे कोठार. दाह झाला की तेही फुगते. यांतले एकही विषाणूला मोजत नाही. ही सगळी यजमानाची, म्हणजे रुग्णाच्या शरीराची, प्रतिक्रिया मोजतात. कोविडमध्ये तेच महत्त्वाचेही होते, कारण गंभीर झालेल्या बहुतेकांना दुसऱ्या आठवड्यात मारक ठरत होता तो विषाणूपेक्षा स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेचा आवरता न आलेला दाह.

म्हणून सुरुवातीच्या अभ्यासांनी आशा वाढवली यात नवल नाही. मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने वुहानच्या दोन रुग्णालयांतील १९१ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांतले ५४ दगावले होते. वाढलेले वय आणि दाखल होताना डी-डायमर एका मायक्रोग्रॅमच्या वर असणे, या गोष्टी मृत्यूशी ठळकपणे जोडलेल्या दिसल्या. दोनच महिन्यांनी वुहानच्याच आणखी एका चमूने ४८५ रुग्णांच्या माहितीवर संगणकाला शिकवून दावा केला, की एलडीएच, लिम्फोसाइट पेशी आणि सीआरपी या तीनच आकड्यांवरून मृत्यूचे भाकीत दहा दिवस आधी आणि नव्वद टक्क्यांहून अधिक अचूकतेने करता येते. तीन आकडे, साधा तक्ता, कुठल्याही प्रयोगशाळेत होणाऱ्या तपासण्या. यापेक्षा हवे काय?

तक्ता वुहानबाहेर नेल्यावर गाडी अडली. नेदरलँड्स, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांवर तो लावून पाहिला आणि त्यांना तसे यश मिळाले नाही. कारण शिकण्यासारखे होते. मूळ चमूने तक्ता बांधताना प्रत्येक रुग्णाचा शेवटचा रक्तनमुना वापरला होता. घरी जायला निघालेल्याचे रक्त आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्याचे रक्त वेगळे दिसणारच. गाडी स्थानकात शिरताना ती कोणत्या फलाटावर येणार हे सांगणे आणि ती मागच्या स्थानकातून सुटतानाच सांगणे, यांत जो फरक आहे तोच इथे होता. डॉक्टरला भाकीत हवे असते ते रुग्ण दारात येतो तेव्हा.

हे एकट्या त्या तक्त्याचे झाले नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील सतत अद्ययावत होणाऱ्या आढाव्यात २०२१ च्या सुरुवातीपर्यंत कोविडसाठीची २३२ भाकीत-प्रारूपे तपासली गेली, जवळपास सगळ्यांत पक्षपाताचा धोका मोठा आढळला. लंडनमधील संशोधकांनी तशी २२ प्रारूपे एकाच रुग्णालयातील ४११ रुग्णांवर तासून पाहिली. निष्कर्ष असा, की रुग्णाचे वय आणि दाखल होताना साध्या हवेत त्याच्या रक्तातला ऑक्सिजन किती, या दोन गोष्टींपेक्षा जास्त उपयोग सातत्याने एकाही प्रारूपाचा झाला नाही. एक गोष्ट आधारकार्डावर छापलेली असते, दुसरी बोटाला चिमटा लावून कळते.

जे गुणपत्रक टिकले, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील २६० रुग्णालयांतल्या ३५ हजारांहून अधिक रुग्णांवरून बांधलेले आणि पुढे आणखी २२ हजारांवर तपासलेले ‘फोर-सी’ गुणपत्रक. त्यात आठ बाबी आहेत: वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वासाची गती, ऑक्सिजनची पातळी, शुद्ध, युरिया आणि सीआरपी. आठपैकी दोनच गोष्टींसाठी रक्त काढावे लागते. एकूण २१ गुणांपैकी ऐंशी वर्षांवरच्या रुग्णाला केवळ वयाचे सात मिळतात. सीआरपी कितीही चढला तरी त्याचे जास्तीत जास्त दोन. आणि ते लिटरमागे शंभर मिलिग्रॅम गाठल्यावर. पन्नासच्या खाली असेल तर शून्य. वहिनींची झोप उडवणाऱ्या त्या अडतीसला, रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी बनवलेल्या या गुणपत्रकात, एकही गुण नाही.

मग हे आकडे टाकाऊ म्हणायचे का? मुळीच नाही. योग्य जागी हाच सीआरपी जीव वाचवण्याच्या कामी आला. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत टॉसिलिझुमॅब हे महागडे औषध कोणाला द्यायचे, यासाठी दोन अटी घातल्या होत्या: ऑक्सिजन कमी असणे आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून अधिक असणे. अशा चार हजारांवर रुग्णांना चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत विभागले. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांतले ३५ टक्के २८ दिवसांत दगावले, औषध मिळालेल्यांतले ३१ टक्के. शंभरामागे चार माणसे वाचली. ग्रीसमधील डॉक्टरांनी सूपार नावाचे प्रथिन रक्तात ठरावीक पातळीच्या वर असलेल्या रुग्णांनाच ॲनाकिन्रा हे औषध दिले, आणि त्या चाचणीच्या आधारे युरोपच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये त्या वापराला मान्यता दिली. अमेरिकेत मात्र सूपारची तपासणीच बाजारात उपलब्ध नव्हती. तिथल्या नियामकाला ती पातळी वाढलेली असण्याची शक्यता इतर लक्षणांवरून ताडण्याची सोय करून द्यावी लागली.

या दोन्ही ठिकाणी आकड्याने भविष्य वर्तवले नाही. ‘या माणसाला हे औषध द्यायचे की नाही’ एवढ्याच प्रश्नाचे त्याने उत्तर दिले, आणि ते उत्तर आधी चाचणीत घासून घेतलेले होते. ‘याचे काय होणार?’ आणि ‘याच्यासाठी काय करायचे?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पत्रिका पहिल्याचे उत्तर देते, वैद्यकाने दुसऱ्याचे द्यायचे असते.

यांची गल्लत झाली की काय होते, ते दुसऱ्या लाटेने दाखवले. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडचे ‘रिकव्हरी’तले आकडे जून २०२० पासून जगासमोर होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आले, ऑक्सिजनवर असलेल्यांतील २६ वरून २३ वर. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना फायदा तर झाला नाहीच. औषध घेणाऱ्यांत मृत्यू १८ टक्के आणि न घेणाऱ्यांत १४ टक्के दिसले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता, पण सावध करायला पुरेसा होता. म्हणजे स्टेरॉइडची रेषा ऑक्सिजनवर आखलेली होती, सीआरपीवर नाही. तरीही तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ऑक्सिजन ९८ असताना, रिपोर्टमधल्या ‘हाय’कडे बघून घरच्या घरी स्टेरॉइड सुरू झाले. मे २०२१ च्या सुरुवातीला ‘एम्स’चे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना जाहीरपणे सांगावे लागले, की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि बायोमार्करच्या तपासण्या करू नका. त्यातून घबराट आणि गरज नसताना उपचार एवढेच हाती लागते. सीटीच्या किरणोत्साराची त्यांनी केलेली तुलना क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेला मान्य झाली नाही, तो वाद वेगळा. स्टेरॉइडबद्दलचा इशारा मात्र खरा ठरला. मधुमेह, बेसुमार स्टेरॉइड आणि कोविड या त्रिकुटाने म्युकरमायकोसिसला वाट करून दिली, आणि कित्येकांना डोळा, जबडा किंवा जीव गमवावा लागला.

आकडा वाचतानाही खाचखळगे कमी नाहीत. एक प्रयोगशाळा सीआरपी लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देते, दुसरी डेसिलिटरमागे. पहिलीकडचा ७५ म्हणजे दुसरीकडचा साडेसात. डी-डायमर मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट येतो. सोमवारी एका ठिकाणी आणि गुरुवारी दुसऱ्या ठिकाणी रक्त दिले, तर आजार वाढला की एकक बदलले, हे घरच्यांनी कसे ओळखायचे? डी-डायमर वयानुसार आणि गरोदरपणातही वाढतो. फेरिटिनचे मूळ काम लोह साठवण्याचे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळलेल्या आपल्या देशात एखादीचे कोठार मुळातच रिकामे असेल, तर तिचा ‘नॉर्मल’ आकडा कितपत दिलासा देणारा?

सगळ्यांत फसवा खड्डा उपचारानंतरचा. टॉसिलिझुमॅब आयएल-६ चा निरोपच यकृतापर्यंत पोहोचू देत नाही. त्यामुळे ते दिल्यावर सीआरपी झपाट्याने घसरतो, मग रुग्ण सुधारत असो वा नवा जंतुसंसर्ग त्याला आतून पोखरत असो. घरचे ‘सीआरपी चार आला’ म्हणून पेढे आणायला निघतात, आणि वॉर्डातली अनुभवी सिस्टर मात्र मॉनिटरवरून नजर हटवत नाही. स्वस्त आणि भरवशाचा वाटणारा ऑक्सिमीटरही निर्दोष नाही. अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवरून डिसेंबर २०२० मध्ये दाखवले गेले, की ऑक्सिजन धोकादायकरीत्या उतरलेला असूनही यंत्र तो ठीक दाखवते, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडले. सावळ्या-काळ्या बोटांच्या आपल्या समाजाने हे लक्षात ठेवलेले बरे.

एक आक्षेप रास्त आहे. खाटा नाहीत, ऑक्सिजनचा टँकर रस्त्यात, एका निवासी डॉक्टरमागे साठ रुग्ण; अशा वेळी कोणाकडे आधी धावायचे हे ठरवायला हाताशी जे होते ते वापरले, त्यात काय चुकले? त्या दिवसांतल्या डॉक्टरांना आज आरामखुर्चीतून जाब विचारणे अन्यायाचेच होईल. दाखल रुग्णाचा सीआरपी उतरायचा सोडून चढतोय, लिम्फोसाइट घसरताहेत, ही रोजची चाल जाणत्या डॉक्टरला बरेच काही सांगते. प्रश्न आहे तो चाल सोडून एकाच दिवसाच्या आकड्याला, आणि वॉर्ड सोडून घरच्या पीडीएफला, तेवढेच वजन देण्याचा. शिवाय ती लाट ओसरून काळ लोटला आहे. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदला गेला. तेव्हापासून फ्लू, कोविड, पुन्हा फ्लू असे हे पाहुणे येतच राहिले आहेत. घाईत झालेले समजून घेता येते, सवडीत तसेच राहिलेले नाही.

या बाबतीत धडा घ्यायला वुहान किंवा लंडनला जायची गरज नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासमोर हाच प्रश्न होता: खोकणाऱ्या शंभर मुलांतून न्यूमोनियाचे मूल कोणते, हे एक्स-रे नसलेल्या, डॉक्टर नसलेल्या गावात कोणी आणि कसे ओळखायचे? उत्तर होते श्वास मोजणे. जलद श्वास हे न्यूमोनियाचे भरवशाचे लक्षण आहे. आजही जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा, की दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, म्हणजे धोका. पण पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचे? तिच्यासाठी बंगांनी श्वासमापक बनवला. मिनिट मोजायला वाळूचे घड्याळ, आणि ठरावीक श्वास झाले की सरकवायचे मणी. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोहोचलात, तर मूल आजारी आहे. औषध सुरू करा. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात अशा ६१२ आजारपणांवर गावातच उपचार झाले आणि त्यांतली एक टक्क्याहून कमी मुले दगावली, तुलनेच्या भागात हेच प्रमाण साडेतेरा टक्के होते.

मण्यांची ती पट्टी दोन्ही कसोट्यांना उतरते. ती मुलाकडे बघूनच मोजावी लागते, आणि मणी संपले की काय करायचे ते आधीच ठरलेले असते.

म्हणून करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. राज्यातल्या सर्व प्रयोगशाळांनी सीआरपी आणि डी-डायमर एकाच एककात द्यावेत. हे एका परिपत्रकाचे काम आहे. ससून, केईएम, नायर, नागपूरचे मेडिकल या रुग्णालयांनी दोन लाटांत पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदींवर परदेशी गुणपत्रके लावून बघावीत, आणि आपल्या माणसांसाठी मधुमेह, क्षयरोग, रक्तक्षय यांचा हिशेब धरून त्यांची डागडुजी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत चालू स्थितीतला ऑक्सिमीटर असावा, आणि सहा मिनिटे चालायला लावून पुन्हा बोट तपासण्याची २०२१ मध्ये शिकवलेली पद्धत विसरली जाऊ नये.

आणि आणखी एक. रक्त तपासायला पाठवण्याच्या चिठ्ठीवर नाव, वय, लिंग आणि तपासणीचे नाव एवढेच असते. त्याखाली तीन रकाने वाढवावेत: आजाराचा कितवा दिवस, आता ऑक्सिजन किती, आणि आकडा जास्त आला तर काय बदलणार. तिसरा रकाना भरताना पेन थबकले, तर सुई तिथेच थांबवावी.